गर्भाशयाच्या तोंडावर सिस्ट निघाली: ऑपरेशन करायचं की नाही, हे कसं ठरवाल?

पोटाची सोनोग्राफी पित्ताशयातला खडा बघायला केलेली असते, आणि रिपोर्टच्या शेवटी एक ओळ येते: सर्व्हिक्समध्ये नेबोथियन सिस्ट. रेडिओलॉजिस्टने ती नोंद म्हणून लिहिलेली असते, घरी मात्र ती निदान म्हणून वाचली जाते. संध्याकाळपर्यंत जाऊबाईंचा फोन येतो, त्यांच्या ओळखीतल्या कुणाची तरी पिशवी अशीच काढलेली असते, आणि रात्री जेवताना 'काढूनच टाक, उगाच डोक्याला ताप नको' इथवर गोष्ट पोचते.

या लेखात ठरवण्याचा क्रम दिला आहे. सगळा निर्णय दोन प्रश्नांवर उभा आहे. एक: ही नक्की साधी सिस्टच आहे ना? दोन: मला जो त्रास होतोय तो तिच्यामुळेच होतोय का? पहिल्याचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'नाही' असेल, तर ऑपरेशनचा विषय तिथेच संपतो. बहुतेक बायकांचा तो तिथेच संपतो. पण ही दोन उत्तरं सोनोग्राफीच्या कागदावर मिळत नाहीत, ती मिळवावी लागतात.

आधी रिपोर्ट नीट वाचा: सिस्ट आहे कुठे?

हे विचारायला विचित्र वाटेल, पण 'खाली सिस्ट आहे' एवढं ऐकून बाहेर पडलेल्या बायकांना ती कुठल्या अवयवात आहे हे बरेचदा माहीत नसतं. अंडाशयातली, म्हणजे ओव्हरीतली सिस्ट हा पूर्ण वेगळा विषय. तिथे आकार, प्रकार आणि वय यांवर वेगळे निर्णय होतात. योनीच्या तोंडापाशी बाजूला येणारी बार्थोलिन ग्रंथीची सिस्ट वेगळी. ती पिकली तर चालणंही मुश्कील करते. योनीच्या भिंतीतली गार्टनर सिस्ट आणखी वेगळी. आपण बोलतोय ती सर्व्हिक्समधली, म्हणजे गर्भाशयाचा जो खालचा भाग योनीत उतरतो त्यातली. मैत्रिणीच्या ओव्हरीच्या ऑपरेशनवरून स्वतःच्या सर्व्हिक्सचा निर्णय घेऊ नका.

सर्व्हिक्सच्या आतल्या बाजूला चिकट स्राव तयार करणाऱ्या ग्रंथी असतात आणि बाहेरच्या बाजूला सपाट पेशींचं अस्तर. वयात येताना, बाळंतपणानंतर किंवा सूज येऊन गेल्यावर हे सपाट अस्तर आतल्या बाजूला सरकतं आणि काही ग्रंथींची तोंडं झाकली जातात. स्राव आतच साठतो आणि फुगी तयार होते. झालं. हीच नेबोथियन सिस्ट. मार्टिन नाबोथ या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १७०७ मध्ये तिचं वर्णन केलं, आणि गंमत म्हणजे ही स्त्रीबीजं आहेत असा त्याचा समज होता. आकार साधारण साबुदाण्यापासून वाटाण्यापर्यंत, म्हणजे दोन मिलिमीटर ते एक सेंटिमीटर. क्वचित तीन-चार सेंटिमीटरही. एक असते, कधी पाच-सहा असतात. ती कॅन्सर नसते आणि तिचं कॅन्सरमध्ये रूपांतर होत नाही.

रिपोर्टमध्ये शोधायचे शब्द असे. सिस्टमध्ये नुसतं द्रव आहे आणि भिंत पातळ, गुळगुळीत आहे असं लिहिलं असेल तर चित्र साधं आहे. 'सॉलिड', म्हणजे द्रव नसलेला घट्ट भाग, जाड पडदे, आतून रक्तप्रवाह किंवा सर्व्हिक्सच्या खोल थरात पसरलेल्या असंख्य सिस्ट असं काही लिहिलं असेल, तर पुढची तपासणी टाळू नका. 'बल्की सर्व्हिक्स', म्हणजे जाडसर सर्व्हिक्स, हा शब्द अनेक रिपोर्टांत असतो. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईच्या बाबतीत एकट्या त्या शब्दावरून घाबरण्यासारखं काही नाही.

मग आतून तपासणी: ही पायरी गाळू नका

माझ्या मते खरी गडबड इथे होते. सोनोग्राफीचे तीन-तीन रिपोर्ट फाइलमध्ये असतात, पण स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडी धरणारं साधन, लावून सर्व्हिक्स डोळ्यांनी कुणी बघितलेलंच नसतं. कधी बाईलाच नको असतं, कधी ओपीडीत तेवढा वेळ नसतो. पण सर्व्हिक्स हा असा अवयव आहे जो दोन मिनिटांत थेट दिसतो. साधी सिस्ट पिवळसर-पांढरी, गुळगुळीत, तुकतुकीत उंचवट्यासारखी दिसते; वरून रक्तवाहिन्या झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या असतात. अनुभवी स्त्रीरोगतज्ज्ञ ती बघताक्षणी ओळखतात. पॉलिप (अस्तराचा लोंबता कोंब), फायब्रॉइड (स्नायूची साधी गाठ) किंवा हात लावताच रक्त येणारी खडबडीत जागा यांतला फरकही तिथेच कळतो.

संकोच वाटत असेल तर लेडी डॉक्टर मागा, सोबत नर्स किंवा घरची बाई आत हवी असं सांगा. ही मागणी रास्त आहे, मोकळेपणाने बोला. शरीरसंबंध आलेला नसेल तर ते आधी सांगा. अशा वेळी पोटावरून सोनोग्राफीसारखे मार्ग आधी वापरले जातात.

पॅप स्मिअर किंवा एचपीव्ही टेस्ट

सिस्ट असो वा नसो, ही तपासणी तिशीनंतर व्हायलाच हवी. ती सिस्टची परीक्षा नव्हे, सर्व्हिक्सच्या पेशींची आहे: पॅपमध्ये सर्व्हिक्सवरून पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, एचपीव्ही टेस्टमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू शोधतात. सिस्ट निघाल्याच्या निमित्ताने ती होऊन गेली तर त्या सोनोग्राफीचा खरा फायदा झाला म्हणायचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही डीएनए चाचणीला पहिली पसंती दिली: तिशीपासून, दर पाच ते दहा वर्षांनी. आपल्याकडे पॅप जास्त ठिकाणी होते, आणि सरकारी कार्यक्रमात व्हिनेगरसारखं सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी बघण्याची पद्धतही आहे. याच पद्धतीवर टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून दीडेक लाख बायकांना घेऊन मोठा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केलेल्या या साध्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, असं २०१३ मध्ये जाहीर झालं.

तयारी सोपी आहे. पाळी सुरू नसताना जा, आधीचे दोन दिवस संबंध, योनीत ठेवायच्या गोळ्या आणि क्रीम टाळा.

त्रास नेमका कशाचा?

इथे जरा थांबू, कारण नको ती ऑपरेशनं बहुतेक इथेच जन्माला येतात. बाईला कंबरदुखी असते, अंगावरून पांढरं जात असतं किंवा पाळी जास्त जात असते. तपासणीत सिस्ट दिसते. दोन्ही एकाच बाईत सापडले म्हणून एकातून दुसरं आलं असं धरलं जातं. सिस्ट काढली जाते, महिनाभर बरं वाटतं, आणि मग कंबर पुन्हा दुखू लागते.

पांढरं जाण्याचं बघा. खाज आणि दह्यासारखा स्राव असेल तर बुरशीचा संसर्ग असण्याची शक्यता मोठी. करडा-पांढरा, माशासारखा वास येणारा स्राव बॅक्टेरियल व्हजायनोसिसकडे, म्हणजे योनीतल्या जिवाणूंचा तोल बिघडण्याकडे, बोट दाखवतो. हिरवट-पिवळा, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास हा संबंधातून पसरणारा संसर्ग, आणि त्यात नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर चक्र थांबत नाही. पाळीच्या मध्यावर येणारा पारदर्शक, तार निघणारा स्राव हा आजारच नाही. या सगळ्यावर गोळ्या आहेत किंवा काहीच करायची गरज नाही. सिस्टला हात लावायचं कारण यात कुठेच नाही.

पाळी जास्त जात असेल तर फायब्रॉइड, ॲडेनोमायोसिस (गर्भाशयाचं आतलं अस्तर त्याच्या स्नायूत शिरणं), थायरॉइड, हार्मोनचा बिघाड यांचा शोध घ्यायला हवा. सर्व्हिक्सवरची पाच मिलिमीटरची फुगी पाळी वाढवत नाही. कंबरदुखीचं कारण तर बरेचदा मणक्यात आणि स्नायूंत असतं. विरारहून उभ्याने चर्चगेट गाठणाऱ्या बाईच्या कंबरेचा दोष सर्व्हिक्सवर टाकणं अन्यायाचं आहे. दिवस राहत नसतील तरी साध्या सिस्टला जबाबदार धरायचं कारण सहसा नसतं.

म्हणून निदान एक महिना वही ठेवा. पाळीच्या तारखा, स्रावाचा रंग-वास, दुखणं कधी आणि कुठे, संबंधानंतर रक्त दिसलं का. डॉक्टरांपुढे दोन मिनिटं मिळतात, त्यात ही वही तुमच्यापेक्षा चांगलं बोलते.

सिस्टमुळे खरंच त्रास होतो तेव्हा तो असा असतो: सिस्ट मोठी, दोन-तीन सेंटिमीटरच्या वर, योनीत जडपणा किंवा दाब, संबंधाच्या वेळी खोलवर दुखणं, क्वचित सर्व्हिक्सचा मार्ग अडल्याने पाळीचं रक्त नीट बाहेर न येणं. डॉक्टरांनी आतून तपासताना सिस्टवर दाब दिल्यावर तुमचं नेहमीचंच दुखणं जागं होतंय का, हा साधा पण फार उपयोगी पुरावा आहे. विचारा त्यांना.

वाट बघायची नाही अशी लक्षणं

संबंधानंतर रक्त जाणं. पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणं, मग तो एक डाग का असेना. दोन पाळ्यांच्या मध्ये वारंवार रक्त. पाण्यासारखा भरपूर स्राव, पॅड लावावं लागेल इतका, आठवड्यांमागून आठवडे. कारण नसताना वजन उतरणं.

यांपैकी काही असेल तर 'सिस्टच आहे, काही नाही' या दिलाशावर परत येऊ नका. पाण्यासारख्या स्रावाचं विशेष सांगते. ॲडेनोमा मॅलिग्नम नावाचा फार दुर्मीळ कॅन्सर सोनोग्राफीत अनेक साध्या सिस्टसारखाच दिसू शकतो, आणि त्यात पॅप स्मिअर नॉर्मल येऊ शकतो. सर्व्हिक्सच्या खोल थरात पुष्कळ सिस्ट आणि जोडीला असा स्राव असेल, तर एमआरआय आणि बायोप्सीची चर्चा व्हायला हवी. कोल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून सर्व्हिक्स बघणं, ही यातली मधली पायरी. संशयित जागेचा छोटा तुकडा तिथेच घेता येतो. या वाटेवर जे ऑपरेशन होतं ते निदानासाठी होतं. त्याचे हिशेब निराळे, आणि त्याला उशीर करू नये.

करायचंच असेल तर काय काय असतं?

'ऑपरेशन' या एका शब्दाखाली पाच मिनिटांच्या कामापासून पिशवी काढण्यापर्यंत सगळं खपतं, म्हणून नेमकं नाव विचारून लिहून घ्या.

सगळ्यात लहान काम म्हणजे सिस्टला छेद देऊन चिकट द्रव काढणं. ओपीडीत होतं. भिंत तशीच राहिल्याने ती पुन्हा भरू शकते. पॅप घेताना सिस्ट आड येत असेल तर एवढंही पुरतं. त्यापुढे कॉटरी, म्हणजे विजेने जाळणं, आणि क्रायो, म्हणजे अतिथंड वायूने गोठवणं. मोठी सिस्ट भिंतीसकट कापून काढतात. त्याला भूल लागू शकते, पण बहुधा त्याच दिवशी घरी जाता येतं. लीप किंवा कोन बायोप्सीत सर्व्हिक्सचा शंकूसारखा भाग काढतात. हे साध्या सिस्टचं ऑपरेशन नव्हे. पेशींत बदल सापडले किंवा निदानाची शंका असली तरच. अजून मूल हवं असेल तर इथे जास्त सावध राहा, कारण सर्व्हिक्सचा मोठा भाग गेला तर पुढच्या खेपेला दिवस भरण्याआधी प्रसूतीचा धोका वाढतो. गरोदरपणात साधी सिस्ट दिसली तर तिला सहसा हात लावत नाहीत.

आणि पिशवी काढणं. साध्या नेबोथियन सिस्टसाठी गर्भाशय काढायचं कारण नाही. 'मुलं झाली, आता पिशवीचं काय काम' हे वाक्य घरातून येवो की केबिनमधून, ते वैद्यकीय कारण नव्हे. अंडाशयंही सोबत काढली तर रजोनिवृत्ती एकदम येते, हाडं आणि हृदय यांवर परिणाम होतो. अंडाशयं ठेवली तरी रजोनिवृत्ती लवकर येऊ शकते. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची काढलेली गर्भाशयं २०१९ मध्ये राज्यभर चर्चेत आली, ती याच मानसिकतेतून. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला राज्यांना सांगितलं. हा फक्त खेड्यातला प्रश्न आहे असं मुंबईकरांनी समजू नये.

डॉक्टरांना काय विचाराल?

लाजू नका, मराठीतच विचारा. 'डॉक्टर, ही सिस्ट तुम्ही डोळ्यांनी बघितली का, की फक्त सोनोग्राफीवरून सांगताय?' 'माझा त्रास हिच्यामुळेच आहे हे कशावरून?' 'सहा महिने काहीच केलं नाही तर काय बिघडेल?' हा तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. ज्या डॉक्टरांकडे ठोस कारण असतं ते दोन वाक्यांत सांगतात. 'पुढे कॅन्सर होईल' एवढंच उत्तर आलं तर शांतपणे विचारा की पॅप किंवा बायोप्सीत तसं काही दिसलंय का. आणि शेवटी: 'काढलेला तुकडा तपासायला पाठवणार ना?'

उद्याच ॲडमिट व्हा असा आग्रह धरला, तर रक्तस्राव किंवा कॅन्सरचा पुरावा नसताना एवढी घाई कशाची, हा प्रश्न पडायलाच हवा.

दुसरं मत: मुंबईत कुठे?

दुसरं मत घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. मागितलेले वैद्यकीय कागद ७२ तासांत द्यावेत असा २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेचा नियम आहे. सोनोग्राफीच्या फिल्म, पॅपचा रिपोर्ट आणि बायोप्सी झाली असेल तर तिच्या स्लाइड आणि ब्लॉक (तुकड्याच्या तपासलेल्या काचा आणि मेणात जपलेला भाग) मागून घ्या.

पालिकेच्या केईएम, नायर, सायन आणि कूपरमध्ये स्त्रीरोग ओपीडी आहे. सीएसएमटीजवळचं कामा हे राज्य सरकारचं बायका-मुलांचं रुग्णालय, जेजे भायखळ्याला. परळचं वाडिया प्रसूतिगृह ट्रस्टचं. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा, जुने कागद तारखेप्रमाणे लावून न्या. ओळी मोठ्या असतात, कधी दोन खेपा होतात, पण इथे तुमचं ऑपरेशन करण्यात सहसा कुणाचा आर्थिक लाभ नसतो, आणि नेमकं तेवढ्यासाठी हे मत मोलाचं. बायोप्सीत कॅन्सर किंवा त्याची शंका आली असेल तर स्लाइड घेऊन टाटा मेमोरियल गाठा. साध्या सिस्टसाठी टाटाला जाण्याची गरज नाही.

दोन मतं जुळली नाहीत तर तिसरं घेण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांना पहिल्याचं कारण सांगा आणि ते त्यांना का पटत नाही हे विचारा. मतं मोजण्यापेक्षा कारणं तोललेली बरी.

पैसे, विमा आणि सही

खासगी रुग्णालयात अंदाजपत्रक लेखी मागा: सर्जन, भूल, खोली, औषधं, तुकड्याची तपासणी, सगळं वेगळं. महाराष्ट्रात नर्सिंग होम नियमांत २०२१ मध्ये झालेल्या बदलांनंतर रुग्णहक्कांची सनद आणि दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. मेडिक्लेम असेल तर दोन गोष्टी आधी तपासा. सिस्ट आणि गर्भाशयाच्या आजारांना अनेक पॉलिसींत दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो, आणि ओपीडीत झालेलं काम बऱ्याच पॉलिसींत बसत नाही. विम्यात बसावं म्हणून लहान कामाचं मोठं ऑपरेशन करून घेणं हा शहाणपणा नव्हे. पैशांची अडचण असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात, त्याची चौकशी तिथल्या सोशल वर्करकडे करा.

संमतीपत्र कोरं असताना सही करू नका. त्यावर कामाचं नेमकं नाव असू द्या. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निकाल दिलेल्या एका प्रकरणात दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय आणि अंडाशयं तिच्या आईची सही घेऊन काढली होती. न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नव्हे, आणि रुग्ण सज्ञान असेल, जिवाला तातडीचा धोका नसेल, तर तिच्या वतीने दुसऱ्याची सही चालत नाही. नवऱ्याची सही रुग्णालय मागतं, ती देऊ द्या. निर्णय तुमच्या सहीचा आहे.

ठरल्यावर

नाही करायचं ठरलं, तर फक्त सिस्टसाठी दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी करत बसू नका. पॅप किंवा एचपीव्हीची पुढची तारीख लिहून ठेवा आणि वर सांगितलेलं एखादं लक्षण आलं तरच आधी जा.

करायचं ठरलं, तर पाळी संपल्यावरच्या आठवड्यातली तारीख घ्या, गरोदर नसल्याची खात्री करा, संसर्ग असेल तर आधी तो बरा करा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधीच सांगा. भूल दिली असेल तर त्या दिवशी लोकलने एकटीने परत जायचं नाही. सोबत कुणीतरी हवं, आणि गर्दीची वेळ टाळून टॅक्सी केलेली बरी. क्रायोनंतर दोन ते चार आठवडे पाण्यासारखा स्राव जातो, तो अपेक्षित आहे. कॉटरीनंतर थोडा तपकिरी. साधारण चार आठवडे, किंवा डॉक्टर सांगतील तोवर, संबंध, टॅम्पॉन आणि पोहणं टाळा. पाण्याचे हंडे आणि गॅसचा सिलिंडर दुसऱ्या कुणीतरी उचलावा. ताप, घाण वास, वाढतं पोटदुखणं किंवा तासाला एक पॅड भिजेल इतकं रक्त जात असेल तर फोनवर सल्ला घेत न बसता रुग्णालयात जा.

तुकडा तपासायला गेला असेल तर रिपोर्ट स्वतः आणा आणि डॉक्टरांना दाखवा. 'काही असतं तर त्यांनी कळवलं असतं' यावर विसंबू नका. 'नेबोथियन सिस्ट' किंवा 'सूज' एवढंच लिहिलं असेल तर पुढे काही करायचं नाही. 'डिस्प्लेसिया' किंवा 'सीआयएन', म्हणजे पेशींतले कॅन्सरपूर्व बदल, हे शब्द दिसले तर कोल्पोस्कोपीची तारीख त्याच दिवशी घ्या.